उजेडाचा टाक

सुई टेकली की गाणे झिजते. १९६० च्या दशकात ग्रामोफोनवर जीव टाकणाऱ्या प्रत्येक रसिकाला हे दुःख ठाऊक होते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात रिचलंड या गावी राहणाऱ्या जेम्स रसेल या भौतिकशास्त्रज्ञाला मात्र ते स्वस्थ बसू देईना. अभिजात संगीताचे त्यांना वेड होते आणि आवडती तबकडी जितकी अधिक वाजवावी तितकी ती लवकर खरखरू लागे. ज्या वस्तूवर जीव जडला, तिचा घात त्या जिव्हाळ्यानेच व्हावा, हा न्याय त्यांना सोसवेना. नेहमीच्या सुईऐवजी त्यांनी निवडुंगाचा काटासुद्धा लावून पाहिला. झीज काही थांबली नाही.

अखेर एका शनिवारी दुपारी रसेल घरी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि त्यांनी प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. आवाज वाचायचा तर सुईने तबकडीला शिवलेच पाहिजे, हे ठरवले कुणी? न शिवता वाचू शकेल असे एकच साधन त्यांना दिसत होते, ते म्हणजे प्रकाश. संगीताचे आकड्यांत रूपांतर करावे, ते आकडे मायक्रॉनभर रुंदीच्या ठिपक्यांच्या रूपाने उमटवावेत आणि प्रकाशाने ते टिपून घ्यावेत, अशी ती कल्पना. १९६५ मध्ये ते बॅटेल संस्थेच्या रिचलंडमधल्या प्रयोगशाळेत रुजू झाले. १९६६ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७० मध्ये ते मंजूर झाले. त्यांच्या यंत्रणेत पारदर्शक फिल्म होती आणि तिच्यामागे झगझगीत दिवा होता. पुढे घराघरांत पोचलेल्या चकतीची घडण याहून निराळी होती. परंतु न शिवता वाचण्याचे दार त्यांनी धक्का देऊन उघडले होते.

आज संगणकाला यूएसबीच्या वायरीने जोडायचा एक्स्टर्नल डिस्क रायटर हातात सहज मावतो. कोरी चकती आत सरकवावी, काही मिनिटे थांबावे आणि लिहिलेली चकती बाहेर काढावी, इतके ते काम सोपे झाले आहे. या सोपेपणामागे मात्र जवळपास चार दशकांची झुंज आहे. या कथेत जाणकारांनी चार वेळा ‘हे असेच असले पाहिजे’ म्हणून रेघ ओढली आणि चारही वेळा कुणीतरी ती मानायला नकार दिला. रसेल यांचा नकार त्यांतला पहिला.

पुढचा टप्पा युरोपात घडला. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेन शहरात फिलिप्स कंपनीचे संशोधक प्रकाशाने वाचल्या जाणाऱ्या चित्रफितींच्या मोठ्या चकत्यांवर बरीच वर्षे खपत होते. त्या खटपटीतून एक लहान चकती जन्माला आली आणि ८ मार्च १९७९ रोजी फिलिप्सने पत्रकारांना तिच्यातून संगीत ऐकवले. त्यानंतर जपानची सोनी कंपनी या कामात भागीदार झाली. दोन खंडांतल्या अभियंत्यांनी एकेका तपशिलावर खल केला आणि १९८० मध्ये ‘रेड बुक’ या नावाने ओळखले जाणारे मानक सिद्ध केले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर जपानच्या दुकानांत आला. बारा सेंटिमीटर व्यासाच्या त्या चकतीवर पाच किलोमीटरहून लांब अशी एकच सर्पिल वाट होती. तिच्या शेजारशेजारच्या वेढ्यांत १.६ मायक्रॉनचे अंतर होते, आणि वाटेवरचे सूक्ष्म खळगे डोळ्यांना न दिसणाऱ्या ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरने वाचले जात होते. खळग्यावरून परतणारा प्रकाश क्षीण, सपाटीवरून परतणारा प्रखर. या चढउतारांतूनच सारे संगीत उलगडत असे.

जगाने या चकतीचे कौतुक केले, पण तिच्यात एक मोठी उणीव होती. ती फक्त वाचता येत होती. सीडी घडे ती कारखान्यात. आधी काचेवर मूळ आवृत्ती कोरायची, तिच्यावरून निकेलचा साचा काढायचा आणि मग वितळलेल्या पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकवर त्याचे ठसे उठवायचे. हजारो प्रती काढायच्या असल्या तर हा खटाटोप परवडे. एकच प्रत हवी असलेल्या माणसाला मात्र दार बंद होते. संगीतकाराला आपली नुकती ध्वनिमुद्रित केलेली रचना, अभियंत्याला आपले आराखडे, संशोधकाला आपली निरीक्षणे अशा चकतीवर स्वतः उतरवता येत नव्हती.

हे दार उघडण्याचे श्रेय ज्या कंपनीकडे गेले, तिचे नाव त्या काळी फारसे कुणाच्या तोंडी नव्हते. तैयो युदेन ही १९५० मध्ये जपानमध्ये स्थापन झालेली कंपनी. सिरॅमिक कपॅसिटरसारखे, उपकरणांच्या पोटात दडून राहणारे सुटे भाग बनवणे हा तिचा मूळ व्यवसाय. पुढे ती ‘दॅट्स’ या नावाने कोऱ्या कॅसेटही विकू लागली. कोरी फीत विकणाऱ्यांना कोऱ्या चकतीचे स्वप्न पडावे, हे तसे स्वाभाविकच. त्या स्वप्नामागे लागलेल्या संशोधकांत एमिको हमादा, यूआकी शिन आणि ताकाशी इशिगुरो ही नावे होती.

एकदाच लिहिता येईल अशा चकत्या त्या वेळी नव्हत्या असे नाही. मोठ्या कचेऱ्यांत दस्तऐवज साठवण्यासाठी त्या वापरल्या जात. लेसरच्या उष्णतेने पातळ थराला भोक पाडायचे, ही त्यांची लिहिण्याची रीत. भोक पडायचे तर वितळलेल्या द्रव्याला बाजूला सरकायला जागा हवी. म्हणून दोन चकत्यांच्या मध्ये हवेची पोकळी ठेवलेली असे. पोकळीवाचून खूण उमटणार नाही, हे त्या क्षेत्रातले पक्के गृहीत होते. पण अशा पोकळ चकत्या साध्या सीडी प्लेअरमध्ये चालत नसत. त्यांना त्यांचा स्वतंत्र, महागडा वाचक लागे.

तैयो युदेनच्या संशोधकांनी आपल्यापुढे याहून कितीतरी कठीण अट ठेवली. त्यांची चकती लोकांच्या घरात आधीच असलेल्या प्लेअरमध्ये वाजली पाहिजे, त्या प्लेअरमध्ये एकही स्क्रू न बदलता. या अटीने एक विलक्षण पेच उभा केला. रेड बुकच्या नियमाप्रमाणे चकतीवर पडलेल्या प्रकाशापैकी किमान सत्तर टक्के प्रकाश परत फिरला पाहिजे. उलट लिहिताना चकतीने लेसरचा प्रकाश शोषून घेतला पाहिजे. प्रकाश शोषला नाही तर उष्णता कुठून येणार, आणि उष्णता आली नाही तर खूण कशी उमटणार? एकाच थराने आरसाही व्हायचे आणि काजळीही व्हायचे. अधिक शोषणारा रंग घ्यावा तर चकती निस्तेज होई आणि प्लेअर तिला ओळखत नसे. अधिक चमकणारी रचना करावी तर लेसर तिच्यावरून नुसताच घसरून जाई.

दुसरे विघ्न अगदी व्यावहारिक होते. रंगाचा थर पसरायचा तर तो एखाद्या द्रावकात विरघळवून, गरगर फिरणाऱ्या चकतीवर ओतावा लागतो. आणि नेहमीचे कितीतरी द्रावक पॉलिकार्बोनेटलाच खाऊन टाकतात. ज्या चकतीवर लिहायचे ती चकतीच रंगाबरोबर विरघळू लागली, तर लिहायचे कशावर?

संशोधकांनी दोन्ही गाठी एकेक करून सोडवल्या. प्लॅस्टिकला न बाधणारे, फ्लोरिनयुक्त अल्कोहोलसारखे द्रावक या कामी आले. रंगांमध्ये त्यांनी सायनिन कुळातल्या सेंद्रिय रंगांची निवड केली. या रंगांचा खरा उपयोग त्यांच्या प्रकाशीय स्वभावात होता. ७८० नॅनोमीटरच्या प्रकाशाला ते बहुतांशी वाट देतात आणि अगदी थोडा शोषतात. पण लेसरचा जोर वाढवला, की तो थोडासा शोषही थराला क्षणात तापवायला पुरेसा होतो. वाचताना मंद लेसर, लिहिताना त्याच्या कित्येक पट प्रखर लेसर. एकाच थराचे हे दोन स्वभाव कामाला लावायचे होते. परतणारा प्रकाश सत्तर टक्क्यांच्या वर नेण्यासाठी रंगाच्या थराला लगटून त्यांनी सोन्याचा अतिशय पातळ लेप दिला.

रंगाला सोने लगटून बसले, म्हणजे पोकळी संपली. प्रस्थापित समजुतीप्रमाणे प्रयोग इथेच फसायला हवा होता, कारण तापलेल्या द्रव्याला सरकायला जागाच उरली नव्हती. पण लेसरचा प्रहार झाला आणि चकतीने आपली वाट स्वतः शोधली. रंगाचा थर त्या बिंदूपाशी विघटित झाला. त्याला चिकटलेले पॉलिकार्बोनेट उष्णतेने मऊ पडले आणि दोहोंच्या सीमेवर, चकतीच्या आतच, एक सूक्ष्म विरूपता तयार झाली. भोक पडले नव्हते, द्रव्य उडाले नव्हते. तरीही त्या जागेवरून परतणारा प्रकाश नेमका क्षीण झाला होता. कारखान्यात ठशाने उठवलेल्या खळग्यावरून तो क्षीण होऊन परततो, अगदी तसाच.

त्या खुणेची खरी कसोटी प्रयोगशाळेतल्या किमती उपकरणांवर लागणार नव्हती. दुकानात कुणालाही मिळणारा साधा सीडी प्लेअर हाच तिचा परीक्षक होता. त्या प्लेअरला रंग ठाऊक नव्हता, विघटन ठाऊक नव्हते. त्याला फक्त उजेड आणि सावली कळत होती. त्याने नवी चकती वाचली आणि ती कारखान्यात घडलेली नाही, याची त्याला शंकाही आली नाही. हा या कथेतला सर्वांत मोठा क्षण. लाखो घरांत पोचलेले जुने प्लेअर त्या एका क्षणात, जागचे न हलता, माणसाने स्वतः लिहिलेल्या चकतीचेही वाचक बनले होते. पोकळीच्या सक्तीची रेघ पुसली गेली होती.

१९८८ मध्ये तैयो युदेनने ही चकती जाहीर केली आणि पुढच्या वर्षी हमादा, शिन व इशिगुरो यांनी तिच्यावरचा शोधनिबंध जगापुढे ठेवला. १९८९ मध्येच सोनी आणि तैयो युदेन यांनी मिळून स्टार्ट लॅब ही कंपनी स्थापन केली. ‘ऑरेंज बुक’ या मानकाने नव्या चकतीला रीतसर नाव आणि नियम दिले. सीडी-आर जन्माला आली. सायनिनची निळाई आणि सोन्याची पिवळाई एकमेकींत मिसळून तिच्या पोटाला हिरवट झाक आली होती.

चकती मिळाली, पण तिच्यावर लिहिणारे यंत्र अजून सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. सुरुवातीच्या यंत्रणा कपडे धुण्याच्या यंत्राएवढ्या आकाराच्या होत्या. त्यांतल्या एकीच्या गाभ्याशी असलेल्या यामाहाच्या रेकॉर्डरचीच किंमत ३५,००० डॉलर होती. हार्ड डिस्क, संगणक आणि बाकीची सामग्री वेगळी. १९९२ पर्यंत रायटरची किंमत दहा-बारा हजार डॉलरपर्यंत उतरली. सप्टेंबर १९९५ मध्ये ह्युलेट-पॅकार्डने ४०२०आय हा रायटर ९९५ डॉलरना बाजारात आणला, तेव्हा हजाराचा अडसर पहिल्यांदा मोडला.

यंत्र घरात आले आणि त्याबरोबर एक नवी धास्तीही घरात शिरली. चकती फिरत असते, लेसर पेटलेला असतो आणि सर्पिल वाट एकदा सुरू झाली की शेवटापर्यंत अखंड लिहावी लागते. संगणकाकडून येणारी माहिती क्षणभर खंडली, तर लेसरला लिहायला काही उरत नाही आणि चकती कायमची वाया जाते. हा धोका टाळण्यासाठी रायटरमध्ये थोडीशी स्मृती, म्हणजे बफर, ठेवलेली असे. पण संगीत वाजवण्याच्या वेगाच्या चौपट वेगाने लिहिताना सेकंदाला सहाशे किलोबाइट माहिती खपते. एक मेगाबाइटचा बफर दोन सेकंदांच्या आत रिता होतो. त्या दोन सेकंदांत संगणकाने दुसऱ्या कुठल्या कामात लक्ष घातले की सारे मुसळ केरात. म्हणून लोक चकती लिहायला लावण्यापूर्वी बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद करीत, स्क्रीन सेव्हर काढून टाकीत, वेग कमी ठेवीत आणि ‘आता माउसला कुणी हात लावू नका’ असे घरच्यांना बजावीत. तेव्हा कोरी चकती स्वस्त नव्हती, त्यामुळे प्रत्येक फसलेला प्रयत्न खिशालाही लागे.

एक्स्टर्नल रायटरची स्थिती तर याहून अवघड होती. त्याची माहिती एका वायरीतून येत असे आणि ती वायरच सगळ्यांत अशक्त दुवा होती. स्कझी जोडणी वेगवान, पण ती बसवणे जिकिरीचे आणि महाग. प्रिंटरचे पॅरलल पोर्ट सगळ्यांकडे असे, पण ते संथ. यूएसबीच्या पहिल्या पिढीने जोडणी सोपी केली खरी. मात्र तिची कमाल मर्यादा सेकंदाला १२ मेगाबिट होती आणि त्यामुळे असे रायटर चौपट वेगापाशीच अडकून पडत. आतली यंत्रे बारापट वेगाकडे झेपावत असताना बाहेरचा डबा वायरीपाशी थबकून उभा होता.

सुटका दोन दिशांनी आली, आणि दोन्ही वाटा २००० सालीच खुल्या झाल्या. एप्रिलमध्ये यूएसबी २.० चे मानक प्रसिद्ध झाले आणि वायरीची क्षमता एका झेपेत ४८० मेगाबिटवर गेली. दुसरी सुटका अधिक मूलगामी होती. लिहिण्याचा प्रवाह तुटता कामा नये, या नियमालाच सान्यो कंपनीच्या अभियंत्यांनी आव्हान दिले. प्रवाह तुटणारच असेल तर तो शहाणपणाने तोडता येणार नाही का? त्यांच्या ‘बर्न-प्रूफ’ तंत्रात रायटर आपल्या बफरवर सतत नजर ठेवतो. साठा धोक्याच्या पातळीखाली उतरला की तो लेसर आवरता घेतो आणि थांबलेली नेमकी जागा ध्यानात ठेवतो. बफर पुन्हा भरला की आधी लिहिलेला मजकूर वाचत वाचत तो त्या जागेपाशी येतो आणि अचूक क्षणी लेसर पुन्हा पेटवतो. सांध्यावर राहणारी फट इतकी सूक्ष्म असते, की सीडीच्या मूळ रचनेतली चूक-दुरुस्तीची व्यवस्था ती सहज भरून काढते. १९८० मध्ये ओरखड्यांपासून संगीत वाचवण्यासाठी योजलेली व्यवस्था वीस वर्षांनी लिहिणाऱ्यांच्या मदतीला धावून आली. प्लेक्स्टर कंपनीच्या बारापट वेगाच्या रायटरमध्ये हे तंत्र आले, इतर कंपन्यांनीही आपापली तशी तंत्रे आणली आणि अखंडतेच्या सक्तीची तिसरी रेघही मिटली. वाया जाणाऱ्या चकत्यांचा तो काळ बघता बघता सरला.

त्यानंतरच्या वर्षांत रायटर खऱ्या अर्थाने सर्वदूर पोचले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत कोऱ्या चकत्यांचे उभे गठ्ठे विकले जाऊ लागले आणि गावोगावचे फोटो स्टुडिओ लग्नाच्या चित्रीकरणाच्या डीव्हीडी लिहून देऊ लागले. आपल्याकडच्या कितीतरी घरांत कपाटाच्या खणात अशी एखादी चकती आजही सापडते.

पण या गर्दीच्या कितीतरी आधीपासून, कुणाच्या फारसे लक्षात न येता, चौथी आणि सगळ्यांत चिवट लढाई लढली जात होती. तिचे मूळ एका साध्या भौतिक सत्यात आहे. लेसरचा ठिपका त्याच्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फारसा बारीक करता येत नाही. टाकाचे टोक जितके जाड, तितके अक्षर मोठे आणि पानावर मजकूर कमी. अवरक्त लेसरने सीडीवर सुमारे ७०० मेगाबाइट मावत. ६५० नॅनोमीटरच्या लाल लेसरने डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट मावले. याहून बारीक लिहायचे तर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा टाक हवा होता आणि तसा अर्धवाहक लेसर जगात कुणाकडेच नव्हता.

तो कशापासून बनवता येईल याचा एक उमेदवार माहीत होता. त्याचे नाव गॅलियम नायट्राइड. पण या पदार्थाचे चांगले स्फटिक वाढवणे इतके दुष्कर ठरले, की बहुतेक संशोधकांनी त्याचा नाद सोडून झिंक सेलेनाइडची कास धरली. जपानच्या नागोया विद्यापीठात इसामू आकासाकी मात्र हट्टाने गॅलियम नायट्राइडलाच चिकटून राहिले. त्यांचा विद्यार्थी हिरोशी आमानो याने हजाराहून अधिक वेळा स्फटिक वाढवण्याचा प्रयत्न केला. दर वेळी हाती येई तो खडबडीत, दुधाळ, भेगाळलेला थर.

फेब्रुवारी १९८५ मध्ये एके दिवशी आमानोची भट्टी बिघडली. गॅलियम नायट्राइडसाठी हजार अंशांच्या वर तापमान लागते आणि भट्टी काही केल्या तितकी तापेना. दिवस फुकट घालवण्याऐवजी त्याने त्या कमी तापमानालाच नीलमणी-स्फटिकाच्या पट्टीवर ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर चढवला. भट्टी पुन्हा ताळ्यावर आल्यावर त्या थरावर त्याने नेहमीचा गॅलियम नायट्राइड वाढवला. पट्टी बाहेर काढून पाहतो तो तिच्यावर काहीच दिसेना. ती इतकी स्वच्छ होती, की आपण गॅलियमचा वायू सोडायलाच विसरलो की काय, असे त्याला वाटले. सूक्ष्मदर्शकाने उलगडा केला. थर होता, आणि तो आरशासारखा नितळ होता. हजार प्रयत्नांत जे साधले नव्हते, ते एका बिघडलेल्या भट्टीने दाखवून दिले. पण अपघात सर्वांच्याच वाट्याला येतात. त्या अपघाताचा अर्थ हजार अपयशे पचवलेल्या डोळ्यांनाच कळला.

नंतर १९८९ मध्ये आकासाकी आणि आमानो यांनी आणखी एक गड सर केला. प्रकाश निघायचा तर पदार्थाचे दोन प्रकारचे थर एकमेकांना भिडवावे लागतात; त्यांपैकी ‘पी’ प्रकारचा थर गॅलियम नायट्राइडमध्ये कुणालाच जमत नव्हता. इलेक्ट्रॉनांचा झोत टाकल्यावर स्फटिक अधिक उजळतो, हे आमानोच्या नजरेने टिपले होते. त्या निरीक्षणाचा माग काढत, मॅग्नेशियम मिसळलेल्या स्फटिकावर असा झोत टाकून त्यांनी तो थर सिद्ध केला.

याच सुमारास शिकोकू बेटावरच्या आनान गावात, निचिया या फ्लोरोसंट दिव्यांचे द्रव्य बनवणाऱ्या लहान कंपनीत, शूजी नाकामुरा नावाचा अभियंता एकाकी झटत होता. त्याची आधीची वर्षे सीलबंद काचनळ्यांचे स्फोट सोसण्यात गेली होती. नळी फुटे, खोली धुराने भरे आणि नाकामुरा पुन्हा नवी नळी जोडायला बसे. त्याने बनवलेला माल उत्तम असे, पण मोठ्या कंपन्यांच्या मालापुढे तो विकला जात नसे. अखेर त्याने संस्थापक नोबुओ ओगावा यांच्याकडे निळ्या प्रकाशावर काम करण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. १९८८ मध्ये तो वर्षभरासाठी अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात शिकायला गेला. पीएच.डी. नसल्यामुळे तिथे त्याची गणती तंत्रज्ञांत होई. तो सल त्याने मनात जपून ठेवला.

मायदेशी परतल्यावर नाकामुराने जाणूनबुजून इतरांनी टाकून दिलेला गॅलियम नायट्राइडच निवडला. विकत आणलेले स्फटिक-यंत्र त्याच्या मनासारखे काम देईना, म्हणून तो ते स्वतः उकलून पुन्हा जोडू लागला. सकाळी यंत्रात बदल करायचा, दुपारी प्रयोग करायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बदल करायचा. असे महिनोन् महिने चालले. हजार अंश तापलेल्या पट्टीवरून उष्णतेचा लोट वर उठे आणि पाठवलेला वायू पट्टीवर बसण्याआधीच उधळून लावी. १९९० मध्ये त्याला यावर तोड सुचली. वरून दुसरा वायुप्रवाह सोडून त्याने पहिल्या प्रवाहाला पट्टीवर दाबून धरले. स्फटिकांचा दर्जा एकदम उंचावला. दरम्यान कंपनीची सूत्रे दुसऱ्या हाती गेली होती आणि हे काम थांबवण्याच्या सूचना त्याच्या टेबलावर येत होत्या. नाकामुराने त्या बाजूला सारल्या आणि भट्टी पेटतीच ठेवली.

१९९२ मध्ये त्याने ‘पी’ थराचे कोडेही सोपे करून टाकले. स्फटिकात शिरलेला हायड्रोजन मॅग्नेशियमला जखडून ठेवतो आणि नुसत्या योग्य तापवण्याने तो बाहेर घालवता येतो, हे त्याने दाखवले. नोव्हेंबर १९९३ मध्ये निचियाने लखलखीत निळा एलईडी जाहीर केला. मोठमोठ्या प्रयोगशाळा अवाक झाल्या. १९९५ सरता सरता त्याच पदार्थातून जांभळ्या लेसरची पहिली स्पंदने निघाली, १९९६ मध्ये तो सलग उजळू लागला आणि १९९९ मध्ये विक्रीस आला. अशक्य म्हणून टाकून दिलेल्या पदार्थाने सर्वांत बारीक टाक घडवला होता. २०१४ मध्ये आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना निळ्या एलईडीसाठी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१० एप्रिल २००३ रोजी सोनीने बीडीझेड-एस७७ हे यंत्र जपानमध्ये विक्रीला आणले. ४०५ नॅनोमीटरच्या लेसरने एका थरावर २३ ते २५ गिगाबाइट साठवणाऱ्या ब्लू-रे घराण्याचे हे पहिले अपत्य. सीडीला लिहिती होण्यासाठी वर्षे वाट पाहावी लागली होती. ब्लू-रे मात्र लिहिणारे यंत्र म्हणूनच जन्माला आली.

पुढे संगणक सडपातळ होत गेले. २००८ मध्ये ॲपलने मॅकबुक एअर आणला तो डिस्क ड्राइव्हशिवाय, आणि ज्यांना गरज असेल त्यांच्यासाठी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह वेगळा दिला. संगणकाच्या पोटातून निघालेला रायटर अशा रीतीने कायमचा बाहेर आला. ब्लू-रे लिहिणाऱ्या एक्स्टर्नल रायटरमध्ये आज सीडीचा अवरक्त, डीव्हीडीचा लाल आणि ब्लू-रेचा जांभळा असे तिन्ही प्रकाश एकत्र नांदतात. यूएसबी २.० चे एक पोर्ट नियमाप्रमाणे अडीच वॉट वीज देते आणि चकती वेगाने फिरवून लेसर पेटवायला कधीकधी तेवढी पुरत नाही. म्हणूनच काही रायटरच्या वायरीला दोन प्लग असतात. ज्याला हे ठाऊक आहे तो मध्येच बंद पडणाऱ्या रायटरला दोष देण्याआधी दुसरा प्लग जोडून पाहतो.

या व्यवसायाचा बहर आता ओसरला आहे. तैयो युदेनने २०१५ अखेर लिहिण्याच्या चकत्या बनवणे थांबवले. तरीही या यंत्राचे एक सामर्थ्य अबाधित आहे. एकदाच लिहिता येणाऱ्या चकतीवरची खूण हा पदार्थातच घडलेला बदल असतो. चुकून दाबलेले बटण ती पुसू शकत नाही, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस तिच्यावर दुसरे काही लिहू शकत नाही. सीडी-आरचा सेंद्रिय रंग उन्हाने विटतो, म्हणून ती अंधारात आणि थंडाव्यात ठेवावी. बहुतेक ब्लू-रे चकत्यांत असेंद्रिय थर असतो आणि तो प्रकाशाला फारशी दाद देत नाही. घरातली जुनी छायाचित्रे, आजोबांच्या आवाजातले ध्वनिमुद्रण, जमिनीच्या कागदांच्या प्रती असे जे पुन्हा मिळणार नाही ते इतर प्रतींच्या जोडीला एका चकतीवरही असावे. रसेल यांनी ज्या झिजेविरुद्ध कागद-पेन्सिल उचलली, तिला चुकवून आपला ठेवा पुढच्या पिढीच्या हाती सोपवण्याची ताकद आज कुठल्याही घरातल्या टेबलावर मांडता येते. ‘हे असेच असले पाहिजे’ हे वाक्य ज्यांनी मानले नाही, त्या माणसांनी ही ताकद आपल्याला मिळवून दिली आहे.